तेल सांडलेल्या मातीचं पुढे काय होतं?

महाराष्ट्रात जमिनीवर तेलविहीर नाही. आपलं तेल समुद्रातून येतं. १९७४ साली मुंबई हायमध्ये ते सापडलं, तेही किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे आसाममधल्या किंवा नायजेरियातल्या तेलाने नासलेल्या शेतांबद्दल पुण्यात बसून वाचलं, की ही दुसऱ्यांची अडचण आहे असं वाटतं. पण माती कुठलीही असो, तिच्यात तेल मुरल्यावर जे घडतं त्याचे नियम सगळीकडे सारखे असतात. तेलक्षेत्रात हे नियम मोठ्या प्रमाणावर, उघड्या डोळ्यांना दिसतात. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत तेच लहान प्रमाणावर चालू असतं. हा विषय मांडण्यामागे माझा एक आग्रह आहे. वरचा काळा थर दिसेनासा झाला म्हणून जमीन साफ झाली असं ठरवणं ही चूक जगभर वारंवार झाली आहे, आणि तिची किंमत तिथल्या विहिरींचं पाणी पिणाऱ्या माणसांनी मोजली आहे.

सुरुवात तेलापासून करू. कच्चं तेल हा एकच एक पदार्थ नाही, हजारो प्रकारच्या रेणूंची ती सरमिसळ आहे. त्यातले बहुतेक रेणू कार्बन आणि हायड्रोजन यांचेच बनलेले असतात, म्हणून त्यांना हायड्रोकार्बन म्हणतात. काही रेणू लहान असतात आणि उन्हात भरकन उडून जातात. काही लांब साखळ्यांचे, मेणचट असतात. काहींमध्ये सहा कार्बनचं कडं असतं. बेंझिन हा त्यातला सगळ्यात साधा, आणि टोल्युइन, झायलिन ही त्याची भावंडं. अशी अनेक कडी एकमेकांना चिकटली की बेंझोपायरिनसारखे मोठे, चिवट रेणू तयार होतात. बेंझिन आणि बेंझोपायरिन हे दोन्ही माणसाला कर्करोग करतात हे नक्की ठरलेलं आहे. सगळ्यात शेवटी उरतो डांबरासारखा जड भाग. मातीत पडल्यावर यातला प्रत्येक गट आपापल्या वाटेने जातो. हलके रेणू हवेत जातात किंवा पाण्यात विरघळून खाली उतरतात. मधले रेणू जिवाणू खातात. कडीवाले मोठे रेणू मातीच्या कणांना धरून वर्षानुवर्षं बसतात. त्यामुळे ‘तेल किती उरलं’ एवढं विचारून भागत नाही, ‘कोणतं तेल उरलं’ हेही विचारावं लागतं.

तेल सांडलं की पहिला फटका बसतो तो मातीच्या श्वासाला. चांगल्या मातीच्या आकारमानाचा साधारण निम्मा भाग पोकळ असतो आणि त्या पोकळ्यांत हवा आणि पाणी आलटून पालटून राहतात. तेल या पोकळ्या भरतं आणि कणांवर थर देतं. मग अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पावसाचं पाणी त्या मातीवरून वाहून जातं, आत शिरत नाही. खाली मुळांना प्राणवायू मिळत नाही. हवा संपली की मातीतलं लोह आणि मँगनीज विरघळणाऱ्या रूपात येतं, आणि ते जास्त झालं की पिकाला बाधतं. बी रुजत नाही, रुजलंच तर खुरटतं. शेतकऱ्याला मात्र वर फक्त पिवळी पानं दिसतात.

ही पिवळी पानं फसवी असतात. ती बऱ्याचदा तेलाच्या थेट विषामुळे नव्हे, उपासमारीमुळे आलेली असतात. तेलात कार्बन खच्चून भरलेला असतो, नत्र जवळजवळ नसतंच. तेल खाणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं, ते त्यांना तेलातून मिळत नाही, म्हणून ते मातीतलं होतं नव्हतं तेवढं उचलतात. पिकाच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणजे जे जिवाणू जमीन बरी करायला झटत असतात, तेच त्या हंगामात पिकाच्या तोंडचा घास घेतात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना पुरेसं नत्र देणं हे आपलं काम आहे.

या जिवाणूंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. स्यूडोमोनास, रोडोकॉकस, असिनेटोबॅक्टर ही त्यांतली काही नावं. ते कुठून आणावे लागत नाहीत. जवळपास प्रत्येक मातीत ते थोडेफार असतातच, आणि तेल मिळालं की त्यांची संख्या वाढते. ते प्राणवायूचा अणू तेलाच्या साखळीला जोडतात, मग ती साखळी तुकड्या-तुकड्याने तोडून खातात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. तेलाचा असा खरोखर नाश होणं फार मोलाचं आहे. माती खणून दुसरीकडे नेऊन टाकली तर तेल फक्त जागा बदलतं. इथे ते संपतं.

मग अडतं कुठे? हिशेब करून पाहू. एक गुंठा जमीन घ्या, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. वरचे १५ सेंटिमीटर धरले तर साधारण २० टन माती झाली. तिच्यात वजनाने १ टक्का तेल मुरलं असेल तर ते होतं २०० किलो. एक किलो तेल पूर्ण मोडायला जवळपास साडेतीन किलो प्राणवायू लागतो, म्हणजे २०० किलोला सातशे किलोच्या आसपास. एवढा प्राणवायू सुमारे अडीच हजार घनमीटर हवेतून मिळतो. आणि त्या गुंठाभर मातीच्या थरात एका वेळी मावणारी हवा फार तर तीन घनमीटर. म्हणजे मातीतली सगळी हवा आठशेच्या आसपास वेळा बदलायला हवी. तेलातला बराच कार्बन जिवाणूंच्या शरीरात जातो, त्यामुळे प्रत्यक्षात गरज यापेक्षा कमी असते, पण अंदाज येतो. नत्राचंही तसंच. १०० भाग कार्बनला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद असा ढोबळ नियम वापरतात. त्या हिशेबाने या गुंठ्याला ३७ किलोच्या आसपास युरिया लागेल. तोही एकदम टाकून चालत नाही, एवढा युरिया एका दमात पडला तर अमोनिया तयार होऊन जिवाणूच मरतात. हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो, माती ओलसर ठेवावी लागते आणि पुन्हापुन्हा उकरावी लागते. हे सगळं फक्त वरच्या १५ सेंटिमीटरसाठी झालं. तेल खाली दोन मीटर गेलं असेल तर काय, हा प्रश्न बाजूला ठेवू नका.

तेलक्षेत्रात तेलाखेरीज दुसरीही घाण असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. विहीर खणताना बेंटोनाइट ही चिकणमाती, बराइट हे जड खनिज आणि इतर रसायनं मिसळलेला चिखल आत सोडतात. तो दगडाच्या चुऱ्यासह वर येतो आणि शेजारच्या खड्ड्यात साठवतात. टाक्यांच्या तळाशी तेलकट गाळ साचतो. शेतातून गेलेल्या जुन्या नळ्या गंजून झिरपतात. पण सगळ्यात जास्त येतं ते पाणी. तेलाबरोबर जमिनीच्या पोटातलं खारं पाणीही वर येतं, जगभराची सरासरी धरली तर एका बॅरल तेलामागे तीन बॅरलच्या आसपास. जुन्या, म्हाताऱ्या विहिरींतून याच्या कितीतरी पट. अनेकदा हे पाणी समुद्राच्या पाण्याहूनही खारं असतं. नियमाप्रमाणे ते शुद्ध करायचं किंवा पुन्हा खोल खडकात सोडायचं. जिथे ते उघड्या खड्ड्यात किंवा नाल्यात सोडलं गेलं, तिथे झालेलं नुकसान तेलापेक्षा जास्त टिकलं.

याचं कारण सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेगळं समजावावं लागणार नाही. त्याने चोपण जमीन पाहिलेली असते. सोडियम मातीत घुसला की मातीचे बारीक कण एकमेकांना सोडून देतात, रचना मोडते, पावसात चिखल आणि उन्हात दगड अशी गत होते. पाणी मुरत नाही, हवा जात नाही. तेलाच्या विहिरीशेजारच्या जमिनीत हाच चोपणपणा तेलाबरोबर येतो. तेल खाणारा जिवाणू आहे, पण मीठ खाणारा जिवाणू नाही. उलट खारेपणा फार वाढला की तेल खाणारेही थंड पडतात. मग जिप्सम टाकून, चर खणून, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढणं एवढाच मार्ग उरतो आणि त्याला निचरा लागतो. म्हणून अशा जमिनीच्या अहवालात तेलाचे आकडे आहेत पण क्षार आणि सोडियम यांचे नाहीत असं दिसलं, तर तो अहवाल अर्धाच आहे.

आपल्या देशातलं अलीकडचं उदाहरण आसामचं. तिनसुकिया जिल्ह्यात बागजान इथे ऑइल इंडिया लिमिटेडच्या वायूच्या विहिरीतून २७ मे २०२० रोजी वायू अनावर होऊन उसळू लागला. ९ जूनला त्याने पेट घेतला. आग विझवणारे दोन कर्मचारी मरण पावले, हजारो लोकांना घरं सोडून छावण्यांत राहावं लागलं, आणि विहीर पूर्ण शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. वायूबरोबर कंडेन्सेट नावाचं हलकं तेलही उडत होतं. ते चहाच्या मळ्यांवर, सुपारीच्या बागांवर आणि मागुरी-मोटापुंग या पाणथळीवर पडलं. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान तिथून जवळच आहे. बातम्या आगीच्या झाल्या, कारण आग दिसते. आग विझली, कॅमेरे गेले, आणि मातीचा प्रश्न मात्र तिथल्या लोकांकडे राहिला.

खोलीचा प्रश्न सगळ्यात स्पष्ट दिसला तो नायजेरियात. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनीलँड भागात १९५०च्या दशकात तेल सापडलं. लोकांच्या विरोधामुळे तिथलं उत्पादन १९९३ साली थांबलं. त्या चळवळीचे नेते केन सारो-विवा यांना १९९५ साली लष्करी राजवटीने फाशी दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिथे दोनशेहून जास्त ठिकाणांची पाहणी करून २०११ साली अहवाल दिला. उत्पादन थांबून तेव्हा अठरा वर्षं झाली होती, तरी ४९ ठिकाणी किमान पाच मीटर खोल मातीत तेल सापडलं. निसिसिओकेन ओगाले या गावात लोक ज्या भूजलावर अवलंबून होते, त्यावर आठ सेंटिमीटर जाडीचा शुद्ध केलेल्या तेलाचा थर तरंगत होता. तिथल्या पिण्याच्या पाण्यात बेंझिनचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा ९०० पटींहून जास्त निघालं. सगळा भाग पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील असा त्या अहवालाचा अंदाज होता.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब. यातल्या काही जागा आधीच ‘साफ केलेल्या’ होत्या. तिथली रूढ पद्धत अशी, की वरची माती नांगरायची, खत टाकायचं, उलटीपालटी करायची आणि जिवाणूंवर सोपवायचं. वर पाहिलेल्या हिशेबाप्रमाणे ही पद्धत वरच्या थरासाठी बरोबरच आहे. पण तेल पाच मीटर खाली असताना अर्धा मीटर माती नांगरून काय होणार? खालचं तेल तसंच राहिलं, पावसाबरोबर भूजलात उतरत राहिलं, आणि वर मात्र काम पुरं झाल्याची नोंद झाली. पद्धत चुकीची नव्हती, ती खोलीचं माप न घेता वापरली गेली. नायजेरियाच्या नियमांत मातीतलं तेल किलोमागे ५,००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की हस्तक्षेप करायचा आणि ते ५० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणायचं उद्दिष्ट ठेवायचं, असे दोन आकडे होते. साफसफाई करणाऱ्यांनी ५,०००च्या खाली आल्यावर थांबायचं ठरवलं. धोक्याची खूण होती तीच मुक्कामाची खूण झाली.

कुवेतचा अनुभव वेगळा. १९९१ साली माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग नोव्हेंबरमध्ये विझली, पण वाळवंटात तेलाची तळी साचली आणि काजळी, तेल व वाळू यांचं मिळून कडक कवच झालं. तिथे पाऊस फार थोडा, ओलावा नाही, म्हणून जिवाणूंचं काम अतिशय हळू चालतं.

साफसफाईच्या इतर पद्धती थोडक्यात. माती खणून ढीग रचायचे, त्यातून नळ्या घालून हवा खेळवायची आणि खत-पाणी द्यायचं, हा खोल तेलासाठी बरा मार्ग. माती भट्टीत तापवून तेल उडवणं लवकर होतं, पण महाग पडतं आणि त्या मातीतलं सगळं जीवनही जातं. साबणासारख्या द्रवाने धुणं वाळूला चालतं, चिकणमातीला नाही. वाळ्यासारखी खोल मुळांची गवतं लावली की मुळांभोवती जिवाणू वाढतात. हे हळू होतं, पण खर्च कमी येतो. आपल्याकडे टेरी या संस्थेने जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ऑइलझॅपर नावाचं तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण तयार केलं, आणि ओएनजीसीबरोबर कंपनी काढून ते तेलकट गाळावर वापरलं. अशा मिश्रणांचा उपयोग होतो, पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल पसरलं तेव्हा तिथे खतं फवारून स्थानिक जिवाणूंनाच जोर दिला गेला. जिवाणूंपेक्षा जास्त वेळा अडतं ते हवेला आणि नत्राला. ‘आमची पावडर टाका, जमीन साफ’ असं कोणी सांगितलं तर माती किती खोल तपासली, हे आधी विचारावं.

तपासणीचा नेहमीचा आकडा म्हणजे टीपीएच, अर्थात मातीतल्या पेट्रोलियम हायड्रोकार्बनची एकूण बेरीज. तो सोयीचा आहे, पण त्याने फसगत होते. बेरीज ९० टक्क्यांनी घटली असेल आणि घटलेला सगळा भाग जिवाणूंना सोप्या असलेल्या साखळ्यांचा असेल, तर उरलेल्या १० टक्क्यांत कर्करोग करणारी कडीच जास्त प्रमाणात असू शकतात. उलटही होतं. उरलेलं तेल निव्वळ डांबरट असेल तर ते मातीला घट्ट धरून बसतं, आणि आकडा मोठा दिसूनही धोका तितका नसतो. म्हणून बेंझिन आणि कडीवाले रेणू वेगळे मोजून मागावेत. त्यांच्या जोडीला एक साधी चाचणीही करता येते. त्या मातीत आणि शेजारच्या चांगल्या मातीत मूग पेरून किती रुजतात ते पाहायचं, आणि दोन्ही माती शेजारी शेजारी ठेवून गांडुळं कुणीकडे जातात ते पाहायचं. गांडुळाला अहवाल वाचता येत नाही, पण त्याची कातडी ओली असते आणि मातीतलं रसायन त्याला थेट लागतं.

आता पुण्याकडे येऊ. इथे तेलविहीर नाही, पण गॅरेजं आहेत, सर्व्हिस सेंटरं आहेत, चाकण-भोसरीची यंत्रं आहेत. एका मोटारीतून एका वेळी साधारण तीन-चार लिटर काळं ऑईल निघतं. इंजिनात तापून तापून त्यात कडीवाले रेणू वाढलेले असतात, शिवाय झिजलेल्या धातूचे कण आणि जस्त असतं. म्हणजे नव्या ऑईलपेक्षा हे जुनं ऑईल मातीला जास्त वाईट. घातक कचऱ्याबद्दलच्या २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं सेंट्रिंगच्या प्लेटांना लावलं जातं, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासलं जातं, नाहीतर ट्रॅक्टरचं काम झाल्यावर बांधावर ओतलं जातं. एका वेळचं थोडं असतं, पण जागा तीच असते आणि वर्षं अनेक असतात.

आपली काळी माती इथे एका बाजूने मदत करते आणि दुसऱ्या बाजूने घात करते. ओली असताना ती फुगते, तिच्यातून तेल सहज खाली जात नाही. पण हवाही जात नाही, म्हणून अडकलेलं तेल मोडायला वेळ लागतो. मे महिन्यात मात्र तिला हात जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांतून पडलेलं ऑईल किंवा डिझेल थेट मुरमापर्यंत पोचतं. मुरमाखाली आपला बेसॉल्ट आहे. त्यात पाणी वाळूच्या थरासारखं पसरून राहत नाही, ते खडकाच्या सांध्यांतून आणि चिरांतून वाहतं. म्हणून एका बोअरवेलला वास येतो आणि पन्नास फुटांवरची दुसरी स्वच्छ असते. शेजाऱ्याचं पाणी चांगलं आहे म्हणून आपलंही असणार असं खडकाळ भागात धरता येत नाही.

नाल्यावर किंवा डबक्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की लगेच तेल असं म्हणू नका. लोहावर जगणारे जिवाणूही तसाच तवंग आणतात. काडीने हलवून पाहा. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते वेगळेच राहिले, तर तो जिवाणूंचा. काडी फिरून गेल्यावर रंग पुन्हा एकत्र मिळून आले, तर ते तेल.

घराशी किंवा शेतावर तेल सांडलंच तर पाण्याने धुऊ नका आणि साबण तर अजिबात वापरू नका. साबणाने तेल जागेवरून सुटतं आणि खाली जातं. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून ते शोषून घ्या, तेलकट माती काढून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाल्यात टाकू नका. सांडलेलं मोठं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. आणि जुनं गॅरेज, डेपो किंवा पेट्रोल पंप असलेली जागा विकत घ्यायची असेल, तर व्यवहारापूर्वी मातीचे नमुने एकाच खोलीवरून घेऊ नका. वरून, एक मीटरवरून आणि मुरमाच्या तोंडाशी असे वेगवेगळे घ्यायला सांगा. बोअरवेल असेल तर तिचं पाणीही तपासून घ्या. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत नको, काचेच्या बाटलीत हवा. पाण्याची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि ती बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायची. बेंझिन लगेच उडतं. उन्हात उघडी राहिलेली बाटली तपासली तर अहवालात बेंझिन सापडणार नाही, विहिरीत मात्र ते असेल.